ब्रेकच्या वर

गाडी शिकवणाऱ्या बाई पहिला नियम गाडी सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकायच्या. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो बघून नव्या माणसाला हायसं वाटतं, की चला, काही झालं तर बाई आहेत. बाई ते हायसं वाटणं तिथल्या तिथे मोडून काढायच्या.

"माझा पाय ब्रेकवर नसतो," त्या म्हणायच्या, "ब्रेकच्या वर असतो."

ऐकणारा बुचकळ्यात पडायचा. मग बाई बूट उचलून दाखवायच्या. पेडलला न टेकलेला, बोटभर अधांतरी. टेकला की दाबला जाणार. आणि बाईच दाबत राहिल्या तर समोरचा माणूस गाडी चालवायला शिकणार नाही, बाईंच्या भरवशावर बसायला शिकेल. त्या बोटभर अंतरापायी त्यांच्या पोटरीला रोज संध्याकाळी गोळे यायचे, पण नियम तो नियम. सगळ्या भागात त्यांना ब्रेकबाई म्हणत, आणि गंमत म्हणजे ब्रेक कमीत कमी दाबणारी बाई म्हणूनच त्यांचं नाव होतं.

त्या सकाळी स्टिअरिंगवर वन्सं होत्या. बाईंच्या नवऱ्याची धाकटी बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, वन्सं मात्र राहिल्या. लग्नाच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत. पोस्टात शिक्के मारता मारता निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "वहिनी, मला गाडी शिकव." बाई "बरं" म्हणाल्या. कशाला, असं विचारलं नाही.

"वन्सं, आरसा."

"बघितला."

"आरसा बघितलात की आरशात बघितलंत?"

"एवढं व्याकरण पोस्टातसुद्धा नव्हतं," वन्सं म्हणाल्या, आणि त्या नादात डावीकडचं वळण जरा जास्तच डावीकडे गेलं. कडेला एक सायकल टेकवून ठेवलेली होती. बाईंचा पाय बोटभर वरच राहिला, पण दोन्ही हात गेले. त्यांनी स्टिअरिंग ओढलं, सायकल वाचली, आणि त्याच झटक्यात त्यांच्या डाव्या छातीने खांद्याकडे टुणकन उडी मारली.

हे नेहमीचं होतं. डावा स्तन कॅन्सरपायी काढल्यावर त्या जागी बसवलेला इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली होता. हाताने जोर लावला की स्नायू आवळायचा आणि खालचा ऐवज वर उसळायचा. बाई त्याला भाडेकरू म्हणत. जन्मापासूनचा घरातला नव्हता, मागून राहायला आला होता, आणि आवाज झाला की दचकून उठायची त्याला सवय होती.

"उठले वाटतं," वन्संनी तिरक्या नजरेने बघत म्हटलं.

"तुमचं ड्रायव्हिंग बघून झोप लागेल कोणाला? समोर बघा."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. गाडी कडेला घ्यायला लावून त्यांनी तो उचलला. ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं होतं तिथली नर्स बोलत होती. तुम्हाला बसवलेला इम्प्लांट खरखरीत पृष्ठभागाचा होता, त्या प्रकाराबद्दल मॅडमना तुमच्याशी बोलायचंय, येऊन जा, आणि घाबरू नका.

"घाबरू नका हे सांगायला मुद्दाम फोन केलात," बाई म्हणाल्या, "म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे." आणि येते म्हणून सांगितलं.

वन्संनी दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले होते. मग त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला. न सांगता, पहिल्यांदाच.

*

हा भाडेकरू घरात आला तो भांडण करूनच.

स्तन काढल्यावर केमो झाली, केस गेले, केस आले, आणि बाई पुन्हा शिकवायच्या सीटवर बसू लागल्या. पट्टा बांधला की तो पूर्वी दोन्हीच्या मधून जायचा. आता तो डावीकडे घसरून नेमका टाक्यांच्या व्रणावर घासायचा. त्यावर उपाय म्हणून बाईंनी ब्रामध्ये स्पंजची गादी घालायला सुरुवात केली. उपाय बरा होता, फक्त गादीला पाय फुटायचे. एकदा एका शिकाऊ हलवायाने चौकात गाडी नको तिकडे वळवली. बाई स्टिअरिंगवर झेपावल्या, त्यासरशी गादी गळ्यातून उसळून पायाशी पडली आणि गेली ती थेट ब्रेकच्या पेडलखाली. बाईंनी ब्रेक दाबला तो स्पंजावर. गाडी थांबली, पण सावकाश, विचार करत, आणि थांबता थांबता कचऱ्याच्या डब्याला मुका देऊन.

कोणाला काही लागलं नाही. हलवाई सज्जन माणूस. वाकून त्याने गादी उचलली, झटकली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. "बाई, तुमचा काच पुसायचा स्पंज पडला."

बाईंनी तो घेतला, काच पुसली, आणि घरी येऊन सांगितलं की मी नवीन स्तन बसवून घेणार आहे.

वन्संची पोळपाटावरची कणीक तशीच राहिली. "आता? या वयात?" आणि मग तो शब्द. "कोणासाठी?"

शब्द साधाच, पण त्याच्या पोटात पुष्कळ काही होतं. नवरा नाही. दुसरा व्हायचा नाही. मुलगा कॉलेजात. बघणार कोण? दुखणं हौसेने विकत घ्यायचं ते कोणासाठी? त्या दिवसांत शेजारणीने विचारलं, चुलत जावेने विचारलं, एका ओळखीच्या डॉक्टरनेही वेगळ्या शब्दांत तेच विचारलं. शेवटी जेवणाच्या टेबलावर वन्संनी पुन्हा विचारलं तेव्हा बाईंनी घास गिळून सरळ उत्तर दिलं.

"सीटबेल्टसाठी."

हसावं की रडावं ते वन्संना कळलं नाही. म्हणून त्यांनी भाजी वाढली. बाईंनी ऑपरेशन करून घेतलं. आधी एक रिकामी पिशवी बसवली. मग त्या पिशवीत सुईने थोडं थोडं पाणी भरत कातडी ताणून जागा केली, आणि मग पिशवी काढून कायमचा भाडेकरू आणला. पट्टा पुन्हा मधून जाऊ लागला. कोणासाठी हा विषय घरात संपला. निदान संपल्यासारखा दिसला.

*

सर्जनबाईंचे केस मधल्या काळात पांढरे झाले होते. वन्संही बरोबर होत्या. त्यांनी खुर्ची जरा मागे ओढून घेतली होती, साक्षीदारासारखी.

तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. सूज नव्हती, पाणी साचलेलं नव्हतं, गाठ नव्हती. मग सर्जनबाईंनी सांगितलं. शरीर परक्या वस्तूभोवती आपलं एक आवरण तयार करतं. खरखरीत इम्प्लांटच्या आवरणात, फार थोड्या बायकांना, बऱ्याच वर्षांनंतर एक वेगळाच कॅन्सर होतो, असं आढळलंय. स्तनाचा नव्हे, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा. तो लवकर सापडला तर इम्प्लांट आणि आवरण काढून बहुतेकजणी बऱ्या होतात. पण सापडायला बाईला माहीत असावं लागतं. म्हणून बोलावलं.

"तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात," बाई म्हणाल्या, "खरखरीत चांगला. धरून राहतो, फिरत नाही."

"म्हणाले होते. तेव्हा आम्हाला तसंच वाटत होतं."

"आणि हे कळून किती काळ झाला?"

"आम्ही तो वापरणं बंद केलं त्याला बराच काळ झाला."

"आणि फोन आत्ता? ब्रेकमध्ये खोट निघाली तर कंपन्या गाड्या परत बोलावतात. पेपरात छापून बोलावतात. माझ्या अंगात बसवलेली वस्तू, आणि मला मागाहून? गाडीपेक्षा मी स्वस्त पडले होय?"

"नाही. फोन आधी व्हायला हवा होता. माझ्याकडे याचं बरं कारण नाही."

बाई भांडायच्या तयारीने आल्या होत्या, बाह्या सावरून. पण समोरच्याने हात न झटकता चूक कबूल केली की भांडणाची हवाच जाते. तरी त्यांनी शेवटचं बजावलं. "बाकीच्या बायकांना फोन झाले का?"

"चाललेत. काहींचे नंबर बदललेत."

"मग घरी माणूस पाठवा," बाई म्हणाल्या. "आता सांगा, माझ्यापुढे रस्ते किती?"

सर्जनबाईंनी टेबलावरचं सामान बाजूला केलं. पहिला रस्ता, काहीच करायचं नाही. त्रास नसेल तर मुद्दाम काढू नये, असंच आज बहुतेक तज्ज्ञ सांगतात. लक्ष ठेवायचं, सूज आली की त्याच दिवशी यायचं. दुसरा, काढून टाकायचा, छाती सपाट ठेवायची. पुष्कळ बायका तसं करतात आणि सुखात असतात. तिसरा, पोटाचं मांस-कातडी वापरून स्तन करायचा. त्याचं ऑपरेशन मोठं, आणि पुढे बराच काळ जड उचलायचं नाही.

"स्टिअरिंग ओढायचं?"

"तेही नाही."

"पुढचा सांगा."

चौथा, हा काढून गुळगुळीत बसवायचा. आणि आता तो स्नायूच्या खाली नाही, स्नायूच्या वर ठेवता येतो. आधार म्हणून एक पातळ जाळी लावतात, झोळीसारखी. स्नायू आपल्या जागी परत शिवला की हात हलवल्यावर उडी मारणं जवळजवळ थांबतं.

बाई आणि वन्संनी एकमेकींकडे बघितलं.

"पण," सर्जनबाईंनी तो 'पण' चांगला ठणठणीत उच्चारला, "हे नवीन ऑपरेशन आहे. जंतुसंसर्ग होऊ शकतो, जाळीमुळे पाणी साचू शकतं, कधीकधी सगळं काढावंही लागतं. वरची कातडी पातळ असेल तर सुरकुत्या दिसतात. मग पोटाची थोडी चरबी काढून तिथे भरतो."

"चरबी हवी तेवढी न्या."

"माझीही घ्या," वन्सं मागून म्हणाल्या. "एरवी कोणी विचारत नाही तिला."

सर्जनबाई हसल्या, पण वाट सोडली नाही. "आणि जुना काढला म्हणजे धोका शून्यावर आला, असं मी म्हणणार नाही. कमी होतो. कोणताही इम्प्लांट जन्मभराचा नसतो, पुढे कधीतरी बदलावा लागेल."

"आणि पुढे तुम्हीच फोन करून सांगाल, गुळगुळीतही वाईट."

"सांगू शकते. आज मला माहीत नाही."

हे 'माहीत नाही' बाईंना आवडलं. मागच्या खेपेला सगळ्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी विचारलं, "माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?"

"ते मी सांगितलं तर तुम्ही तेच कराल. म्हणून सांगत नाही. जुना इम्प्लांट काढायची घाई नाही. घरी जा, विचार करा."

बाईंनी क्षणभर टेबलाखाली नजर टाकली. सर्जनबाईंचे पाय नुसते जमिनीवर होते, साध्या चपलांमध्ये. पण बाईंना ओळख पटली. या बाईचा पाय ब्रेकच्या वर आहे.

*

मुलाचा पाय ब्रेकवर होता.

तो दुसऱ्या शहरात इमारतींचे आगीचे अलार्म तपासायचा. कामच असं, की कुठेही शिरला की आधी बाहेर पडायचा दरवाजा शोधायचा. आत्याने फोनवर जेवढं सांगितलं तेवढ्यावर बाकीचं त्याने रात्रभर वाचून काढलं आणि शनिवारी बॅग घेऊन दारात उभा राहिला. पाणी प्यायला, बॅग कोपऱ्यात ठेवली, आणि आईच्या डोळ्यांकडे न बघता सांगून टाकलं.

"मी हॉस्पिटलशी बोललोय. पुढच्या मंगळवारी काढून टाकायचं. तारीख दिलीय त्यांनी. सोमवारी तुला फक्त दाखवायला जायचंय."

बाई शेंगा सोलत होत्या. त्यांचा उजवा पाय टेबलाखाली आपसूक वर उचलला गेला. स्वयंपाकघरात, दुसऱ्याच्या गाडीत, कुठेही कोणी वेड्यासारखं सुटलं की तो पाय उठायचाच. घरात ही जुनी थट्टा होती. आज कोणी हसलं नाही.

"कोणाचं काढून टाकायचं?"

"आई, प्लीज."

"नाही, म्हणजे तारीख तू घेतलीस, तर मला वाटलं तुझं काही काढायचं असेल."

"धोका आहे, तो काढायचा. यात विचार करण्यासारखं काय आहे? वायर गरम होतेय कळल्यावर मी ती भिंतीत ठेवतो का?"

"मी भिंत नाही," बाई म्हणाल्या. "आणि ठेवणार आहे असं मी कधी म्हटलं? मी बदलणार आहे. नवा, गुळगुळीत, स्नायूच्या वरचा."

मुलाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग त्याने धोक्यांची उजळणी केली. त्याने वाचलं होतं ते खोटं नव्हतं. संसर्ग, पाणी साचणं, पुन्हा ऑपरेशन. बाई प्रत्येकाला मान हलवत गेल्या, कारण हे सगळं त्यांनी आधीच ऐकलेलं होतं. मान हलत राहिली आणि शेंगाही सोलल्या जात राहिल्या, त्यामुळे तो जास्तच पेटला.

"आणि हे सगळं कशाला? आता तरी सोड ना. कोणासाठी, आई?"

शेगडीपाशी उभ्या असलेल्या वन्संनी गॅस बंद केला.

"ए," त्या म्हणाल्या. "तो प्रश्न माझा आहे."

"काय?"

"तो प्रश्न मी विचारलेला आहे, याच टेबलावर, तू कॉलेजात होतास तेव्हा. उत्तरही मिळालंय. एकदा शिक्का बसलेलं पाकीट परत खिडकीत आणायचं नाही."

"आत्या, ते सीटबेल्टचं उत्तर म्हणजे थट्टा होती."

"मलाही तेव्हा तसंच वाटलं." वन्संनी हात पुसले. "आता मी ड्रायव्हरच्या सीटवर बसते ना, तिथून सगळं दिसतं. सकाळी गाडीत बसली की पट्टा बांधते, मधून जातो का ते बोटाने बघते, आणि मग ती ब्रेकबाई होते. त्याच्या आधी नुसती दमलेली बाई असते. तुझ्या बापासाठी नव्हतं रे ते. तुझ्यासाठीही नाही. याच्यापुढे तू हे विचारणार असलास तर मलाही विचार, साठीला आल्यावर गाडी कोणासाठी शिकतेस म्हणून. विचार ना."

तो खाली बसला. शेंगांच्या ढिगातली एक शेंग उचलली, सोलली, दाणे चुकून टरफलांत टाकले. आणि मग जे बोलला ते टरफलांकडे बघतच बोलला.

"मला ती बादली पुन्हा धरायची नाहीये."

बाईंचे हात थांबले. केमोच्या दिवसांत त्या न्हाणीघराच्या दारात बसायच्या आणि हा त्यांच्यापुढे बादली धरायचा, तोंड भिंतीकडे करून, म्हणजे आईला लाज वाटू नये. परीक्षा चालू होती त्याची. पुस्तक काखेत असायचं.

त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला शेंगांची माती होती, ती केसांना लागली.

"तुला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "मलाही वाटते. पण तुझी भीती माझ्या अंगातून कापून काढता यायची नाही, बाळा. तसं असतं तर मी दोन्ही बाजू दिल्या असत्या. ती तुझ्यातच राहणार. तू तिला घेऊन माझ्याबरोबर ये. सोमवारी. मागच्या सीटवर बस."

"मागच्या का? गाडी मी चालवतो."

"नाही," बाई म्हणाल्या. "गाडी वन्सं चालवणार."

*

हॉस्पिटलचं पार्किंग वरच्या मजल्यावर होतं आणि तिकडे जायचा चढ असा होता की तो बांधणाऱ्याला गाडी चालवता येत नसावी. चढावर मध्येच वळण, आणि वळणाच्या तोंडाशी दांडी उघडणारा पहारेकरी.

रस्ताभर मुलगा मागे गप्प होता. गप्प म्हणजे तोंडाने. पाय चालू होता. प्रत्येक सिग्नलला तो मागच्या पायपुसण्यावर ब्रेक दाबायचा, आणि बाईंना तो दाब आपल्या सीटच्या पाठीत कळायचा. वन्संनाही कळत असावा.

"मागच्या प्रवाशांनी कृपया इंजिनात लुडबुड करू नये," त्या म्हणाल्या.

चढावर निम्म्यात दांडी खाली आली. वन्संनी गाडी थांबवली. दांडी उघडली. वन्संनी क्लच सोडला, जरा लवकर, आणि गाडी एक हिसका देऊन बंद पडली. मग सावकाश मागे सरकू लागली. मागे एक मोठी पांढरी गाडी होती. तिने हॉर्न वाजवला.

"आई, ब्रेक," मुलगा म्हणाला.

बाईंचा पाय वर होता. बोटभर.

"आई, ब्रेक दाब. आई."

पोटरीत गोळा आला. मागचा हॉर्न आता थांबतच नव्हता. बाई समोर बघत राहिल्या, आणि इतक्या हलक्या आवाजात बोलल्या की जणू चहात साखर किती विचारताहेत. "वन्सं, तुमच्याकडे एक हात रिकामा आहे."

वन्संनी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. पांढऱ्या गाडीपर्यंत अजून पुष्कळ जागा होती. तिचा हॉर्न मात्र थांबला नाही.

"त्याला घाई असेल तर तो चुकीच्या ठिकाणी आलाय," वन्सं म्हणाल्या. कपाळावरचा घाम मनगटाने पुसला, क्लच दाबला, किल्ली फिरवली, क्लच हळूहळू सोडत गाडी कुठे थरथरते ते ऐकलं. मग हँडब्रेक सोडला. गाडी वर गेली, जरा जास्तच रुबाबात, पहारेकरी दोन पावलं मागे सरला.

वर जागा सापडली, इंजिन बंद झालं. मग मागून आवाज आला.

"तू दाबणारच नव्हतीस?"

"अजून जरा मागे गेली असती तर दाबला असता. दाबायला लागतो तेव्हा दाबतेच. तुला काय वाटलं, मी तिथे पाय वाळत घालते?" बाईंनी पट्टा सोडला. "पण कुठपर्यंत थांबायचं ते मला कळतं. माझं मला कळतं, एवढं तू धरून चाल."

*

सर्जनबाईंच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. मध्ये बाई, एका बाजूला वन्सं, दुसऱ्या बाजूला मुलगा.

"मंगळवारची तारीख दिलेली दिसतेय, नुसतं काढायची," सर्जनबाई स्क्रीन बघत म्हणाल्या. "तसंच ठरलं का?"

मुलाने तोंड उघडलं. बाईंना आपल्या खुर्चीमागून काहीतरी हललेलं जाणवलं. वन्संनी पाय लांब करून, अगदी सभ्यपणे, भाच्याच्या बुटावर आपली चप्पल ठेवली होती आणि भार दिला होता. वन्संनी काही ब्रेकच्या वर वगैरे ठेवला नव्हता. थेट ब्रेकवर. मुलाचं तोंड मिटलं. मग त्याने स्वतःच, हळू आवाजात म्हटलं, "ती तारीख मी घेतली होती. ती रद्द करा. आई सांगेल."

"हा भाडेकरू जाणार," बाई म्हणाल्या. "भोवतीचं आवरणही काढा, जमेल तेवढं सगळं, आणि तपासायला पाठवा. जागा रिकामी राहणार नाही. गुळगुळीत, स्नायूच्या वर, तुमच्या त्या झोळीत. काय काय होऊ शकतं ते ऐकून झालंय. त्यातलं काही झालंच, आणि काढायची वेळ आली, तर काढूही. तेव्हाही मलाच विचारायचं, घरी फोन करायचा नाही. आणि पुढे काही नवीन कळलं तर त्याच आठवड्यात फोन. नर्सचा नको, तुमचा. घाबरू नका म्हणायचं नाही."

"चालेल," सर्जनबाई म्हणाल्या.

"अजून एक. मी उभी राहते, तुम्ही खूण करा."

"खुणा ऑपरेशनच्या दिवशी करतो आपण."

"ही माझी खूण आहे. तेव्हा मी गुंगीत असले तर कोण सांगणार?"

पडद्यामागे बाई उभ्या राहिल्या, कमरेपर्यंत उघड्या. उजवीकडे जुनं, सवयीचं, आता जरा खाली उतरलेलं. डावीकडे आडवा व्रण आणि त्याखाली तो, अजून न गेलेला, ताठ बसलेला. त्यांनी वन्संना पडद्याच्या फटीतून आपली पर्स द्यायला सांगितली. लांब पट्ट्याची. वन्संनी बसल्या जागेवरूनच हात लांबवून ती दिली. बाईंनी ती डाव्या खांद्यावरून तिरकी घेतली, पर्स उजव्या कमरेवर टेकवली आणि पट्टा ताणून धरला, गाडीत धरतात तसा.

"इथून जातो," त्या म्हणाल्या. "रोज, दिवसभर. तुम्ही उजवीबरोबर जुळवता, आरशात बघून जुळवता, ते बरोबरच आहे. पण मी आरशापुढे किती असते? मी इथे असते, या पट्ट्याच्या मागे."

सर्जनबाईंनी जांभळं पेन उघडलं. पट्ट्याच्या एका कडेने खांद्यापासून खालपर्यंत रेघ ओढली, मग दुसऱ्या कडेने. पेन गार होतं. बाईंनी श्वास धरला नाही. रेघ हलू नये म्हणून फक्त जरा ताठ उभ्या राहिल्या.

"नीट बघून घ्या," त्या म्हणाल्या. "या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मला वस्ती हवीय."

पडद्यापलीकडून मुलाचा आवाज आला, "आत्या, पाय काढ आता." आणि वन्संचा, "थांब रे. अजून सिग्नल लाल आहे."

सर्जनबाईंनी फोटो काढून घेतला, पेनाचं टोपण लावलं. बाईंनी पर्स उतरवली. दोन जांभळ्या रेघा छातीवर तशाच राहिल्या, मधला रस्ता मोकळा ठेवून. कपडे घालताना त्यांनी त्या पुसल्या नाहीत.